आधी मुलाचं वाक्य, मग तुझं मत

पोरी,

अनेक आशीर्वाद.

रोजच्या तासांबद्दल लिहितेस त्या वहीतली तू पाठवलेली बारा पानं वाचली. पहिल्या सात पानांवर ‘पाठ छान झाला, मुलांनी उत्स्फूर्त प्रतिसाद दिला’ आणि पुढच्या पाचांवर ‘मी कमी पडते’. शेवटी विचारतेस, ही वही बंद करू का. अशी वही बंद केलीस तरी काही बिघडणार नाही. बारा पानांत एकही मूल बोललेलं नाही. तुझ्या वर्गात तिसरी-चौथीची चोवीस मुलं बसतात आणि वहीत फक्त तू बसली आहेस.

म्हणून एकच सांगतो आणि पत्रभर तेच सांगणार आहे: आधी मुलाचं वाक्य जसंच्या तसं लिही, तुझं मत त्याच्याखाली. वाक्य नसेल तर त्याने पाटीवर लिहिलेलं उत्तर उतरव. उत्तरही नसेल तर त्याने काय केलं ते लिही. मताला घाई नसते, वाक्य मात्र संध्याकाळपर्यंत विरून जातं.

तुझंच उदाहरण घे. ‘403 - 187 निम्म्या मुलांना आलं नाही, जास्त सराव घेईन.’ कोणाला आलं नाही? काय उत्तर आलं? समज, एकाने 384 लिहिलं. त्याने प्रत्येक घरात मोठ्या अंकातून लहान अंक वजा केला: सातातून तीन, आठातून शून्य, चारातून एक. त्याला वजाबाकीत वर-खाली आहे हेच पोचलेलं नाही. दुसरीने 226 लिहिलं. तिने शतक मोडून दशकाच्या घरात दहा आणले, एककात तेरा केले, पण त्या दहातला एक दशक एककाकडे गेला हे ती विसरली आणि दहातून आठ वजा केले. तिला जवळजवळ सगळं येतं. दोघांची उत्तरं चूक, पण दोघांना एकच ‘जास्त सराव’ दिलास तर पहिला आपली चूक पक्की करेल आणि दुसरी कंटाळेल. पहिल्याला दहा-दहा काड्यांचे गठ्ठे आणि सुट्या काड्या हातात देऊन ‘तीन काड्यांतून सात काढून दाखव’ इथून सुरू करायला हवं. दुसरीसमोर शंभराचा गठ्ठा सोडून दहाचे दहा गठ्ठे मांडायचे, त्यातला एक तिच्याच हाताने सोडायला लावायचा आणि मग उरलेले मोजायला सांगायचे. नऊ उरतात हे तिला तिथेच दिसतं. पानावर 384 आणि 226 हे दोन आकडे असते, तर उद्याचा पाठ तुला त्या पानावरूनच मिळाला असता.

आता वहीबद्दल. शिवलेली, जाड पुठ्ठ्याची, दोनशे पानी घे. सुटे कागद हरवतात आणि मोबाइलवर लिहिलेलं पुन्हा कोणी वाचत नाही. डावं पान त्या दिवसाचं, उजवं कोरं सोड. आठवड्यातून तीनच नोंदी कर आणि प्रत्येक नोंद एकाच तासाची. रोज आठ तासांचं लिहायला घेतलंस तर पंधरवड्यात पुन्हा ‘छान झाला’वर येशील.

तास सुरू होण्याआधी डाव्या पानावर एक ओळ लिही: आज मुलं कुठे अडतील असं मला वाटतं. तासात टेबलावर एक चिठ्ठी ठेव, तिच्यावर तीन-चार शब्द आणि हजेरी क्रमांक, बस. मधल्या सुट्टीत पोषण आहाराचं बघायचं असतं, तेव्हा लिहायचा हट्ट धरू नकोस. शाळेला कुलूप लावण्याआधी दहा मिनिटं बस आणि चिठ्ठीवरून पान लिही: मूल काय म्हणालं, त्यावर मी काय केलं, पुढे काय झालं. त्याखाली रेघ मार. मत रेघेखाली. डोनाल्ड शॉन या अमेरिकन अभ्यासकांनी 1983 मध्ये काम करता करता होणारा विचार आणि काम झाल्यावर केलेला विचार वेगळा दाखवला. तुझी चिठ्ठी पहिल्यासाठी, वही दुसऱ्यासाठी. घरी जाऊन लिहीन म्हणशील तर मुलाचं वाक्य तुझ्या भाषेत लिहिलं जाईल, आणि मग ते मुलाचं राहत नाही.

मुलांची नावं लिहू नकोस, हजेरी क्रमांक पुरे. वही कुठेतरी राहिली तर कोणाच्या पोराची अब्रू चव्हाट्यावर यायला नको. आणि ही वही कोणाला दाखवायची नाही, केंद्रप्रमुखांनी मागितली तरी. पाठाच्या तयारीची टाचण वही त्यांच्यासाठी आहे, ती नीट ठेव. दाखवण्यासाठी लिहायला लागलं की हात आपोआप ‘उत्स्फूर्त’ लिहितो. माझ्या जुन्या वह्यांत पानोपानी तो शब्द आहे. त्या मुलांपैकी एकाचंही वाक्य आज माझ्याकडे नाही, आणि ते परत मिळणार नाही. तुला एवढं बजावतोय ते म्हणूनच.

तू जत तालुक्यात, कर्नाटकच्या सीमेवर आहेस हे विसरू नकोस. तुझ्या वर्गात घरी कन्नड बोलणारी मुलं आहेत. ‘सत्तावीस’ म्हटल्यावर 72 लिहिणाऱ्या मुलाला तू ‘अवधान नाही’ असा शेरा दिला आहेस. अवधान आहे ग. मराठीत आपण सात आधी म्हणतो आणि वीस नंतर, कन्नडमध्ये ‘इप्पत्तेळु’ म्हणजे वीस आधी, सात नंतर. पहिला ऐकू आलेला अंक पहिला लिहायचा, ही त्याची घरची सवय. 2019 मध्ये दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात ‘वीस एक, वीस दोन’ असं वाचन आलं तेव्हा केवढा वाद झाला. वादात तुला पडायचं नाही. तू फक्त लिही की त्याने काय ऐकलं आणि काय लिहिलं. अशी पाच पानं झाली की कोणत्या संख्या उलटतात आणि कोणत्या नाहीत ते दिसेल. बघ, 33 आणि 44 कधीच उलटणार नाहीत, म्हणून चाचणीत त्या घालून फसू नकोस.

तीन आठवडे एकच प्रश्न धर. गणिताचा झाला की बोलण्याचा घे. बैठकीचा नकाशा काढ आणि जो बोलला त्याच्या चौकोनात खूण कर. मग तासातली दहा मिनिटं मोबाइलवर रेकॉर्ड करून ऐक. प्रश्न विचारल्यावर तू किती सेकंद थांबतेस ते मोज आणि मोजून झाल्यावर ते रेकॉर्डिंग पुसून टाक. मेरी बड रो या शिक्षण-संशोधक बाईंनी 1970 च्या दशकात अमेरिकेतल्या वर्गांच्या ध्वनिफिती ऐकल्या, तेव्हा शिक्षक सरासरी सेकंदभरच थांबतात असं आढळलं. थांबणं तीन सेकंदांवर नेलं तर उत्तरं लांब झाली आणि गप्प बसणारी मुलं कमी झाली. तीन सेकंद वर्गात फार लांब वाटतात. मनात आकडे मोज.

उजवं पान शनिवारी. सकाळची शाळा सुटली की दोन आठवड्यांतून एकदा अर्धा तास मागची सहा पानं वाच. तासाआधी लिहिलेली ओळ आणि प्रत्यक्षात घडलेलं, यात जिथे फरक पडला तिथे हिरव्या पेनाने खूण कर. त्यातली एकच गोष्ट निवड आणि उजव्या पानावर वार, तास, साहित्य आणि मुलांचे क्रमांक यांसकट लिही: ‘मंगळवारी दुसऱ्या तासाला 4, 9 आणि 17 यांना घेऊन शंभराचा गठ्ठा सोडणे.’ ‘लक्ष देईन’ असं पुन्हा लिहिलंस तर मी रागावेन. ते करून पाहिल्यावर काय झालं तेही त्याच पानावर, आणि तिथेही आधी मुलाचं वाक्य.

लोक म्हणतात, मी शिक्षकाच्या भावनेला जागा देत नाही. देतो, पण रेघेखाली. ‘मी कमी पडते’ लिहायचं तर लिही, पण त्याच्यावर 226 असू दे. नुसती भावना लिहिलेलं पान शनिवारी उघडलंस तर तुला फक्त रडू येईल. 226 लिहिलेलं पान उघडलंस तर काड्या घेऊन बसशील.

आणि वही बंद करायची नाही याचं आणखी एक कारण, तुझ्याच गावचं. दिवाळीनंतर काही मुलं आईबापांबरोबर ऊसतोडीला जातील आणि गुढीपाडव्याच्या आसपास परततील. प्रगतिपुस्तकात त्यांच्यापुढे ‘समाधानकारक’ असेल आणि त्यावरून तुला काहीच कळणार नाही. मूल निघण्याच्या आठवड्यात त्याचं एक पान लिही: ‘दोन अंकी हातच्याची वजाबाकी काड्यांनी करतो, कागदावर गोंधळतो. म्हणाला, दहा सुटला की मोजायचा कुठून?’ पाडव्यानंतर तो दारात उभा राहील तेव्हा ते पान काढ, त्याच्या हातात दहाचा गठ्ठा दे आणि त्याने विचारलेलं तिथूनच पुढे सुरू कर.

पुढच्या महिन्यात दोनच पानं पाठव, डावं आणि उजवं.

तुझा,
सर