गुळातला ळ, नातीच्या नावात

प्रश्न : ताई, माझी सून कोइमतूरची. पहिलं बाळंतपण माहेरी झालं, नात झाली. पत्रिकेत ज्येष्ठा नक्षत्र, अक्षर 'या' निघालं. सुनेनं सुचवलेलं नाव इंग्रजीत वाचलं की 'याझिनी' होतं, शेजारणीही तसंच म्हणतात. आमचे हे 'यामिनी' म्हणून मोकळे होतात. सून फोनवर म्हणते ते तिसरंच काहीतरी ऐकू येतं. महिनाअखेर बारसं इथं आहे. आत्यानं कानात काय सांगायचं? आणि या नावाला काही अर्थ आहे का?
— एक आजी, मंगळवार पेठ, कोल्हापूर

उत्तर : आजी, 'याळिनी' म्हणा. मंगळवारातला ळ, रंकाळ्यातला ळ, गुळातला ळ. आपल्या कोल्हापूरकरांच्या जिभेवर तो जन्मापासून बसलेला आहे, त्यामुळं निम्मं काम झालेलंच आहे.

निम्मं अशासाठी, की सूनबाई म्हणतात तो वर्ण ळ च्या अगदी शेजारचा, पण जरा निराळा आहे. देवनागरीत तो ळ खाली टिंब देऊन लिहितात, ऴ. रोमन लिपीत त्यासाठी अक्षर नाही म्हणून 'झेड' आणि 'एच' जोडायची पद्धत पडली, आणि ती वाचून आपण झ म्हणायला लागलो. कोऴिकोडचं कोझिकोड झालं ते असंच. खुद्द 'तमिऴ' या शब्दाच्या शेवटी हाच वर्ण आहे, आणि तिथं आपण कधी 'तमिझ' म्हणत नाही, बरोबर तमिळ म्हणतो.

यजमानांच्या नोकरीमुळं मी नऊ वर्षं मदुराईत होते. शेजारच्या पाट्टी, म्हणजे आजी, मला ओट्यावर समोर बसवून 'वाऴैप्पऴम्' म्हणायला लावत. वाऴैप्पऴम् म्हणजे केळं, आणि त्यात हा वर्ण दोनदा येतो. जीभ मागं वळवायची, टाळूच्या जवळ न्यायची, पण टेकवायची नाही. मी टेकवायचे. त्या माझी हनुवटी धरून 'पुन्हा म्हण' म्हणायच्या. दोन आठवड्यांनी जमलं. मग लक्षात आलं की गल्लीतला केळीवाला सरळ 'वाळप्पळम्' म्हणतोय! दक्षिण तमिळनाडूत कितीतरी माणसं बोलताना ळ च म्हणतात. म्हणून सांगते, ळ म्हणायला संकोच नको. झ मात्र नको.

आता अर्थ. याऴ हे तमिळांचं फार जुनं तंतुवाद्य, संगम काळातल्या, म्हणजे सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीच्या तमिळ कवितांत जागोजागी येणारं. वीणेसारखे पडदे त्याला नाहीत, एका तारेवर एकच सूर. म्हणून तारा पुष्कळ लागत : सेंगोट्टियाऴला 7, तर पेरियाऴला, म्हणजे मोठ्या याऴला, 21. खाली कातड्यानं मढवलेला होडीच्या आकाराचा पोकळ भाग आणि वर बाकदार दांडा. ब्रह्मदेशात सौंग नावाचं असंच वाद्य आजही वाजवतात, त्याचं चित्र पाहिलंत की अंदाज येईल. पुढं वीणा आली आणि याऴ मागं पडला. 1947 साली श्रीलंकेच्या स्वामी विपुलानंदांनी त्यावर मोठा ग्रंथ लिहिला. त्या देशातल्या जाफना शहराचं तमिळ नावही याऴ्प्पाणम् आहे. तर याऴ, आणि पुढं नलिनी-मालिनीसारखा 'इनी'. याऴासारखी गोड ती याळिनी.

वाद्य जुनं असलं तरी अशा घडणीची मुलींची नावं रुळली ती विसाव्या शतकात. 1916 च्या सुमारास तमिळ विद्वान स्वामी वेदाचलम यांनी शुद्ध तमिळचा आग्रह धरला आणि सुरुवात स्वतःच्या नावापासून केली. वेद म्हणजे मरै, अचल म्हणजे मलै, म्हणून ते मरैमलै अडिगळ झाले. मग घराघरांत संस्कृत नावांच्या जागी तमिळ नावं येऊ लागली. मीनाक्षीचा अर्थ कयल्विऴीत आला : कयल म्हणजे मासा, विऴी म्हणजे डोळा. तुमच्या नातीचं नाव त्याच पंगतीतलं आहे. हल्ली कुठलीही दोन अक्षरं जोडून करतात तसलं नाव हे नव्हे.

आणि तिरुक्कुरळ या जुन्या तमिळ ग्रंथातला 66 वा कुरळ, म्हणजे दोन ओळींचं पद, तर जणू बारशासाठीच आहे :

कुऴल् इनिदु याऴ् इनिदु एन्ब तम्मक्कळ्
मऴलैच्चोल् केळा तवर्

बासरी गोड, याऴ गोड, असं तेच म्हणतात ज्यांनी आपल्या लेकरांचे बोबडे बोल ऐकलेले नाहीत. सूनबाईंना हा म्हणायला सांगा, त्यांना नक्की पाठ असेल. पाळणा म्हणून झाला की त्यांनी म्हणावा आणि तुम्ही अर्थ सांगावा.

आत्याबाईंना मात्र आधीच समोर बसवून सूनबाईंकडून नाव दोन-चारदा ऐकवा, 'कुर्र' करताना चाचपडायला नको. पुढं बालवाडीत नाव घालताना मराठीत 'याळिनी' असं कागदावर लिहून द्या, तोंडी सांगू नका. माझ्या भाचीची लेक कयल्विऴी. शाळेच्या दाखल्यावर तिची 'कयलविझी' झाली, आणि तो झ खोडून घ्यायला भाचीला चार खेपा घालाव्या लागल्या.