मेक्सिकोची चांदीची लिबेर्ताद नाणी घेऊन भारतात विकावीत का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: दोन वर्षांच्या कामासाठी मेक्सिकोतल्या केरेतारो शहरात निघालाय, तिथली ‘लिबेर्ताद’ नावाची चांदीची नाणी चांगली असतात असं ऐकलंय, दरमहा थोडी थोडी घेऊन परतताना भारतात विकली तर चार पैसे सुटतील का, आणि खरी-खोटी कशी ओळखायची.

मी केरेतारोतच नऊ वर्षं राहते. गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात गुणवत्ता तपासणीचं काम करते. ही नाणी सहा-सात वर्षं घेतेय, अधूनमधून विकलीही आहेत. त्यामुळे आधी सरळ उत्तर देते: जरूर घ्या, पण भारतात विकायची म्हणून घेऊ नका. घेतानाच ‘हे मी विकणार कुठे’ हे ठरवा. ते मी ठरवलं नव्हतं आणि त्याचा फटका मला बसला.

तीन वर्षांपूर्वी पुण्याला आले तेव्हा पाच नाणी सोबत आणली होती, रीतसर जाहीर करून. घरात कार्य होतं, पैसे लागणार होते, म्हणून एका सराफाकडे गेले. माणूस सज्जन होता. नाणं उलटसुलट करून त्याने प्रकाशात धरलं, त्यावरच्या पंख पसरलेल्या देवीकडे बराच वेळ पाहिलं आणि म्हणाला, “ताई, काम फार देखणं आहे. पण मी हे मोड म्हणूनच घेणार. माझ्याकडे हे नाणं म्हणून कोण मागणार?” मग पाचही नाणी एकदम काट्यावर टाकली, घट धरली आणि आकडा सांगितला. तो आकडा मी केरेतारोत मोजलेल्या पैशांपेक्षा बराच कमी होता. त्याचं काही चुकलं असं मला आजही वाटत नाही. आपल्याकडे मेक्सिकोची चांदी पूर्वीपासून वजनावरच गेली आहे. 1893 पर्यंत कोणीही चांदी घेऊन मुंबईच्या टांकसाळीत जाऊ शकत होता आणि रुपये पाडून घेऊ शकत होता. त्या काळात मेक्सिकन डॉलर, म्हणजे मेक्सिकोची चांदीची नाणी, इथे येऊन वितळत होते. नाण्यावर काय कोरलंय याला मोल असतं ते ज्यांना ते वाचता येतं त्यांच्याकडेच.

आता हे नाणं काय आहे ते बघू, कारण दराचं सगळं गणित त्यात आहे. लिबेर्ताद 1982 पासून निघतं. पाडते कासा दे मोनेदा, म्हणजे मेक्सिकोची सरकारी टांकसाळ. ती 1535 साली सुरू झाली, अमेरिका खंडातली सगळ्यात जुनी. हल्ली नाणी सान लुईस पोतोसीच्या कारखान्यात पाडतात. नाण्यावर ‘1 ओन्सा प्लाता पुरा’ असं लिहिलेलं असतं, म्हणजे एक औंस शुद्ध चांदी, 31.1 ग्रॅम. आपल्या हल्लीच्या दहा ग्रॅमच्या तोळ्याने तीन तोळ्यांच्या किंचित वर. शुद्धता 999. एका बाजूला देशाचं गरुड-सापाचं चिन्ह. दुसऱ्या बाजूला मेक्सिको शहरातल्या रेफोर्मा रस्त्यावरच्या स्तंभावरची विजयदेवता, मागे पोपोकातेपेत्ल आणि इस्ताक्सिवात्ल हे दोन ज्वालामुखी. तो स्तंभ 1910 साली स्वातंत्र्याच्या शताब्दीला उभारला. 1957 च्या भूकंपात देवता खाली कोसळली होती, ती दुरुस्त करून पुन्हा वर चढवली. एकदा तिथे खाली उभं राहून वर बघा. त्यानंतर हातातलं नाणं जास्त ओळखीचं वाटतं.

पण सगळ्यात मोठी गोष्ट नाण्यावर जे लिहिलेलं नाही ती. त्यावर ‘इतके पेसो’ असा आकडा नाही. इथल्या चलन कायद्याप्रमाणे ते चलन आहे, फक्त त्याची किंमत बांको दे मेहिको, म्हणजे इथली रिझर्व्ह बँक, रोजच्या रोज जाहीर करते. म्हणून मेक्सिकोत नाणं विकायला गेलात तर समोरच्याला समजावून सांगावं लागत नाही. बांको आस्तेका या बँकेच्या काउंटरवर ही नाणी मिळतात. मेक्सिको शहराच्या जुन्या भागात, सोकालो चौकाजवळ नाण्यांची आणि सोन्या-चांदीची दुकानंच दुकानं आहेत. रस्त्यावर उभी माणसं “काँप्रो ओरो, काँप्रो प्लाता” म्हणजे ‘सोनं घेतो, चांदी घेतो’ असं ओरडत असतात. त्यांच्या मागे जाऊ नका. आत, स्वतःचा दरांचा फळा लावलेल्या दुकानात जा.

फळ्यावर दोन आकडे असतात: ‘काँप्रा’ आणि ‘वेंता’. काँप्रा म्हणजे दुकान तुमच्याकडून घेणार तो दर, वेंता म्हणजे तुम्हाला देणार तो. नवे लोक फक्त वेंता बघतात. मी सांगते, दोन्हींतलं अंतर बघा, नफा-तोटा तिथेच ठरतो. उदाहरणादाखल धरा, चांदीचा जागतिक भाव औंसाला 30 डॉलर आहे. दुकान नाणं 35 ला देतं आणि 31 ला परत घेतं. म्हणजे दाराबाहेर पडताक्षणी तुम्ही 4 डॉलर मागे आहात. भाव तेवढा वर जाईपर्यंत थांबायची तयारी हवी. तेच नाणं पुण्यात मोड म्हणून दिलं तर 30 मधूनही घट जाणार. कोणी म्हणेल, भारतात चांदीचा भाव जागतिक भावापेक्षा चढा असतो. असतो, पण तो आयात शुल्कामुळे चढा असतो, आणि ते शुल्क विमानतळावर तुम्हालाही भरायचं आहे.

थांबायची तयारी म्हणजे किती, हेही सांगते. 2011 च्या एप्रिलमध्ये चांदी 48 डॉलरच्या वर गेली होती. 2020 च्या मार्चमध्ये ती 12 डॉलरच्या आसपास आली. 2025 च्या ऑक्टोबरमध्ये 50 च्या पुढे गेली. 2011 मध्ये घाईने घेतलेल्या माणसाला चौदा वर्षं काढावी लागली. दोन वर्षांच्या मुदतीत बसणारी ही वस्तू नाही. घरभाड्याचे किंवा मुलांच्या फीचे पैसे यात अजिबात घालू नका.

मग तरी घ्या का म्हणते? कारण लिबेर्ताद कमी निघतं. अमेरिकेचं किंवा कॅनडाचं चांदीचं नाणं वर्षाला कोटींच्या घरात निघालेलं आहे. लिबेर्तादची एक औंसाची साधी नाणी 2018 आणि 2020 मध्ये प्रत्येकी 3 लाखच पाडली. 1998 ची तर फक्त 67 हजार. म्हणून काही वर्षांच्या नाण्यांना चांदीच्या भावावर बरेच पैसे मिळतात, आणि मेक्सिकोइतकेच अमेरिकेतलेही संग्राहक ती शोधत असतात. पण सुरुवातीला वर्षाच्या मागे लागू नका. चालू किंवा मागच्या वर्षीचं साधं नाणं घ्या. आरशासारखी चमक असलेली, डबीत बंद असलेली ‘प्रूफ’ नाणी ज्याला त्यातलं कळतं त्याच्यासाठी. त्यांचे जादा दिलेले पैसे परत मिळवायला तसाच जाणकार भेटावा लागतो. अर्धा, पाव अशी छोटी नाणीही 1991 पासून निघतात. दिसायला गोड, भेट द्यायला उत्तम, पण ग्रॅममागे महाग पडतात.

एक गोष्ट बऱ्याच जणांना माहीत नसते. लिबेर्तादच्या आधीचीही ‘ओन्सा’ आहे, 1949 ची आणि 1978 ते 1980 ची, तराजूचं चित्र असलेली. ती काट्यावर 33.6 ग्रॅम भरते. खोटी म्हणून परत करू नका. तिची शुद्धता 925 आहे, आत शुद्ध चांदी बरोबर एक औंसच. तसंच 1977 ते 1979 चं, मोरेलोस या मेक्सिकन स्वातंत्र्यसेनानीचं चित्र असलेलं 100 पेसोचं नाणं. 27.77 ग्रॅम वजन, शुद्धता 720, म्हणजे हिशोबाने 20 ग्रॅम चांदी. 1968 च्या ऑलिम्पिकच्या 25 पेसोच्या नाण्यात 16.2 ग्रॅम. या जुन्यांवर दुकानदार चांदीच्या भावाच्या वर फारसं लावत नाहीत. निव्वळ चांदी हवी असेल तर माझं मत यांच्या बाजूने. मात्र घेताना फक्त शुद्ध चांदीच्या वजनाचा भाव करा, नाण्याच्या वजनाचा नाही.

आता खरं-खोटं. इथे मी स्वतः फसले आहे, म्हणून जरा सविस्तर. एका रविवारच्या बाजारात, जमिनीवर कापड टाकून बसलेल्या एका विक्रेत्याकडे 1998 चं लिबेर्ताद दिसलं. इतकं कमी निघालेलं वर्ष, आणि तो मागत होता साध्या नाण्याचा भाव. तिथेच थांबायला हवं होतं. त्याने खिशातलं लोहचुंबक काढलं, नाणं तिरपं धरलं आणि चुंबक त्यावरून हळूहळू, तेलात सरकल्यासारखं घसरवून दाखवलं. खऱ्या चांदीवर ते तसंच घसरतं, हे मी वाचलं होतं. मी नाणं घेतलं.

घरी आल्यावर काट्यावर ठेवलं तर 31.1 ग्रॅम. वजन चोख! पण जाडी मोजायचा व्हर्नियर लावला तेव्हा कड खऱ्या नाण्यापेक्षा अर्धा मिलीमीटर जाड निघाली. मग पाण्याची परीक्षा केली. ती तुम्हीही करू शकता, फक्त ग्रॅमचा शंभरावा भाग दाखवणारा छोटा काटा हवा. काट्यावर पाण्याचा ग्लास ठेवायचा, आकडा शून्य करायचा. नाण्याला बारीक दोरा बांधून ते पाण्यात पूर्ण बुडेल असं हाताने धरायचं, तळाला किंवा काचेला टेकू द्यायचं नाही. काटा जो आकडा दाखवेल तेवढं पाणी नाण्याने बाजूला सारलं. चांदीची घनता 10.49, म्हणून खऱ्या लिबेर्तादला तो आकडा 2.96 च्या जवळ यायला हवा. माझ्या नाण्याने दाखवला 3.49. भागाकार केला तर घनता 8.9. तांबं, वरून चांदीचा मुलामा! आणि तांब्यावरही चुंबक तसंच हळू घसरतं, म्हणून त्या माणसाचा प्रयोग दिसायला खरा होता. नुसतं वजन फसवतं, नुसतं चुंबक फसवतं. वजन, जाडी आणि पाणी या तिन्हींत उतरेल तेच नाणं ठेवा. व्यासही बघा: 1996 पासूनची एक औंसाची नाणी 40 मिलीमीटर आहेत, त्याआधीची 36. मोठ्या आकाराच्या नाण्यावर 1985 लिहिलेलं दिसलं तर पुढे चला.

नाणी ठेवण्याबद्दल कळकळीने सांगते: घासू नका. आपल्याला दिवाळीआधी चांदीची भांडी रांगोळीने, टूथपेस्टने लख्ख करायची सवय असते. माझ्या सासूबाई इथे आल्या होत्या तेव्हा त्यांनी प्रेमाने देव्हाऱ्यातल्या निरांजनासोबत माझी दोन नाणीही चकाचक केली. त्यांना बोलायला जीव झाला नाही. पण पंखांवरच्या पिसांच्या रेषांत बारीक ओरखडे उतरले आणि दुकानदाराने ती नाणी निव्वळ चांदीच्या भावाने घेतली. बँकाही परत घेताना डाग, ओरखडे बघतात. काळपट झालेलं नाणं तसंच राहू द्या. हाताळायचं तर कडेने धरा. एकदम जास्त घेतलीत तर टांकसाळीच्या 25 नाण्यांच्या नळीतच राहू द्या, विकताना न उघडलेल्या नळीवर समोरच्याचा विश्वास लवकर बसतो.

अजून एक उपयोगाचं: इथल्या 16 टक्के मूल्यवर्धित कराच्या कायद्यात ओन्सा नाण्यांना सूट आहे. कोणी लिबेर्तादवर तो कर वेगळा लावू लागला तर नम्रपणे विचारा, आणि पुढच्या दुकानात जा. पावती मात्र दर वेळी घ्या, अगदी एका नाण्याचीही.

पावती पुढे विमानतळावर लागते. भारतात उतरताना परदेशी राहून परतणाऱ्यांना दागिन्यांची जी सवलत असते, तिच्यात नाणी बसत नाहीत. चांदीचं नाणं म्हणजे दागिना नव्हे. एक असो की वीस, कस्टम्सच्या लाल मार्गिकेतून जा, पावत्या दाखवा, शुल्क भरा. शुल्काचे दर बदलतात, म्हणून तिकीट काढतानाच ते तपासा.

तुमच्या जागी मी असते तर पहिले सहा महिने फक्त एकेक नाणं घेतलं असतं आणि त्यातलं एक मुद्दाम परत विकून बघितलं असतं, काँप्राचा आकडा स्वतःच्या हातात पडलेला अनुभवायला. परतण्याच्या तीन-चार महिने आधी भाव बरा दिसेल त्या दिवसांत इथेच टप्प्याटप्प्याने विकलं असतं, शेवटच्या आठवड्यात नाही, कारण सामान बांधणाऱ्या माणसाची घाई दुकानदाराला लगेच दिसते. घरी नेण्यासाठी दोन-तीन ठेवली असती. केरेतारोला पोचलात की पहिलं नाणं घेण्याआधी इथेच कळवा. काटा, दोरा आणि ग्लास माझ्याकडे तयार आहे.