वावडिंग घालून उकळलेलं दूध दिलं की मुलाचे जंत पडतात का?

तुम्ही लिहिलंय की मुलगा 4 वर्षांचा आहे, रात्री ढुंगण खाजवत उठतो आणि शीमध्ये दोनदा पांढरे दोरे दिसले. सासूबाई म्हणतात, गोळी उष्ण पडते, रोज निजताना वावडिंगाचं दूध द्या, जंत आपोआप पडतील.

दुधाने जंत मरत नाहीत, पडतही नाहीत. तालुक्याच्या गावात आमचं मेडिकल आहे, 19 वर्षं मी काउंटरवर बसते. निम्म्या आज्या सांगतात दुधाने जंत पडतात, उरलेल्या सांगतात दूध-साखरेनेच जंत होतात. दोन्ही खरं नाही. जंत होतात ते त्यांची अंडी तोंडावाटे पोटात गेल्याने, नाहीतर अनवाणी पायातून अळी शिरल्याने. आणि आयुर्वेदाचा दाखला द्यायचाच असेल तर सुश्रुतसंहितेत कृमी झालेल्याने दूध वर्ज्य करावं असं आहे. हे सासूबाईंना सांगायचं की नाही ते तुम्ही ठरवा!

वावडिंगाला मात्र मी नावं ठेवणार नाही. वावडिंग, पळसपापडी, किरमाणी ओवा ही कृमींवरची जुनी औषधं. किरमाणी ओव्याच्या जातीतूनच सँटोनिन काढायचे आणि एकेकाळी डॉक्टरही ते जंतांवर देत. पण औषधाचं प्रमाण वेगळं आणि कपभर दुधात चार दाणे उकळणं वेगळं. तेवढ्याने जंत पडत असतील असं मला वाटत नाही.

माझी लेक बालवाडीत होती तेव्हा हेच झालं. दुकानात गोळ्यांचे डबे भरलेले, पण आई म्हणाली आठ दिवस थांब. आठ दिवस दूध दिलं. खाज थांबली, आई खूश. मग पुन्हा एका रात्री पोर रडत उठली. टॉर्च घेऊन बघितलं तर शिवायच्या दोऱ्याचा सेंटिमीटरभर तुकडा पडावा तसं काहीतरी, आणि ते हळूच वळवळलं. बघायचं असेल तर असंच बघा, मूल झोपल्यावर दोन-तीन तासांनी. दिवसा सहसा दिसत नाहीत.

हे सूतकृमी. ते राहतात मोठ्या आतड्याच्या तोंडाशी. दूध त्याच्या आधीच लहान आतड्यात पचतं, तिथवर दूध म्हणून पोचतच नाही. मादी रात्री बाहेर येऊन गुदद्वाराभोवती अंडी घालते आणि मरते. मूल खाजवतं, अंडी नखात जातात, नखं तोंडात. मधले काही दिवस खाज कमी होते, मग पुढची पिढी तयार. त्या मधल्या दिवसांत तुम्ही जे काही द्याल, दूध, गूळ, लसूण, त्याला श्रेय मिळतं.

उपाय म्हणजे अल्बेंडाझोल. सरकारी जंतनाशक मोहिमेत अंगणवाडी आणि शाळेत मिळते तीच गोळी. 2015 पासून वर्षातून दोनदा देतात: 1 ते 2 वर्षांच्या बाळाला अर्धी, 2 ते 19 वयाला 400 मिलिग्रॅमची अख्खी, चावून खायची. लहान मुलाला चुरा करून पाण्यात द्या, अख्खी गिळायला लावू नका, घशात अडकते. तरी आधी डॉक्टरांना दाखवा. उष्ण वगैरे काही नाही, फार तर थोडं पोट दुखतं किंवा मळमळतं. दुधासोबत दिली तरी चालते. पण पोट फुगलंय, उलट्या होताहेत, शी होत नाही, असं असेल तर गोळी राहू द्या आणि दवाखाना गाठा, कारण मोठ्या गोल जंतांचा गुंता आतड्यात अडकू शकतो.

लोक चुकतात ते पुढे. गोळीने जंत मरतात, अंडी नाही. म्हणून दोन आठवड्यांनी दुसरा डोस. आणि घरातल्या सगळ्यांनी एकाच दिवशी घ्यायची. गरोदर बाई असेल तर तिने डॉक्टरांना विचारल्याशिवाय नाही. नखं मुळापर्यंत कापा, सकाळी उठल्या उठल्या ढुंगण धुवा, चड्डी रोज बदला. चादरी झटकू नका, झटकलं की अंडी घरभर उडतात. उचलून थेट गरम पाण्यात.

दुधाबद्दल एक गोष्ट मात्र मला जास्त खटकते. गावाकडे अनवाणी फिरणाऱ्या पोरांना अंकुशकृमी होतात, ते आतड्याला चिकटून रक्त पितात. पोर पांढुरकं पडतं, दमतं. मग घरचे ताकद यावी म्हणून दिवसाला चार-पाच पेले दूध पाजतात. दुधात लोह जवळजवळ नाहीच, शिवाय पोट भरल्यामुळे पोर भाकरी-भाजीला तोंड लावत नाही. रक्त आणखी कमी. अशा मुलाचं हिमोग्लोबिन तपासा, नुसती जंताची गोळी पुरत नाही.

राहिल्या सासूबाई. गोळी त्यांनाही घ्यायची आहे, आणि अवघड काम तेच. माझ्या आईला मी सांगितलं, तू नाही घेतलीस तर नातीला परत होतील. मुकाट्याने चावली. वर कपभर दूध मागितलं, वावडिंग घालून.