पहिली गोळी घेण्याआधी

मित्रा, रत्नागिरीच्या प्रादेशिक मनोरुग्णालयात गर्द (ब्राउन शुगर) सोडायला जायचं ठरवलंस, फार बरं केलंस. शेवटचा गर्द कधी ओढलास ते डॉक्टरांना खरं सांग, अगदी वेळेसकट. ब्युप्रेनॉर्फिन, म्हणजे गर्द सोडवायला देतात ते औषध, घाईने घेतलं तर ते मेंदूतल्या गर्दाला हुसकावून त्याची जागा घेतं आणि टर्की, म्हणजे नशा तुटल्यावर होणारा त्रास, एकदम उसळते. म्हणून निदान १२ तास थांबवतात. जांभया, नाकाडोळ्यांतून पाणी, अंगावर काटा, पोटात मुरडा सुरू झाला की मगच पहिली गोळी. हे तास जड जातात, घरातलं कुणीतरी सोबत असू दे.

गोळी गिळू नकोस, गिळली तर फारशी लागू होत नाही. जिभेखाली पूर्ण विरघळेपर्यंत चहा नाही, बोलणं नाही. मग चूळ भर, दात सांभाळायला हवेत. दारू आणि झोपेच्या गोळ्या मात्र अजिबात नकोत, श्वास मंदावतो.

शिमग्याला चाकरमानी आले की कुणी म्हणेलच, ‘ही पण नशाच ना?’ ते ऐकून मनाने औषध बंद करू नकोस. औषध सुटलं आणि पाय घसरला, तर सवय मोडलेल्या शरीराला गर्दाचं जुनं प्रमाण जीवघेणं ठरतं. मला सगळ्यात जास्त हीच भीती वाटते. रात्री-अपरात्री जीव घाबरला तर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ लाव, मराठीत बोलता येतं.