सस्पेन्स थ्रिलरमध्ये दाखवतात तसा माणूस खरंच स्वतःचं नाव विसरतो का?

विसरू शकतो, पण डोक्यात दांडका बसून सहसा नाही. मेंदूला मार लागला की बहुधा अपघाताच्या आसपासचं पुसलं जातं किंवा नवीन काही टिकत नाही. नाव-गाव शाबूत राहतं. 1953 साली अपस्मारावर उपाय म्हणून हेन्री मोलेसन यांच्या मेंदूतल्या हिप्पोकॅम्पसचा, म्हणजे नव्या आठवणी घडवणाऱ्या भागाचा, बराचसा हिस्सा काढला. त्यानंतर रोजचे डॉक्टरही त्यांना दरवेळी नवेच वाटत, पण आपण कोण हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

ओळखच हरवते ती 'डिसोसिएटिव्ह फ्यूग' या मानसिक विकारात. तिथे कारण बहुतेकदा मानसिक धक्का किंवा ताण असतं. 1887 मध्ये अमेरिकेतल्या ऱ्होड आयलंडचे धर्मोपदेशक अन्सेल बोर्न गायब झाले आणि पेनसिल्व्हेनियातल्या नॉरिस्टाउनमध्ये 'ए. जे. ब्राउन' नावाने त्यांनी चक्क दुकान थाटलं. साधारण दोन महिन्यांनी एके सकाळी जाग आली, तर आपण कुठे आहोत आणि हे दुकान कुणाचं, काहीच कळेना! मला विचाराल तर एवढं आयतं कथानक असताना लेखक दांडक्याच्या मागे का लागतात कोण जाणे. आणि शेवटच्या प्रकरणात दुसरा फटका बसून सगळं लख्ख आठवतं, ती तर निव्वळ थाप.