बोन मॅरो दाता म्हणून नाव नोंदवताना: वाचकांचे प्रश्न

बोन मॅरो, म्हणजे अस्थिमज्जा, देणाऱ्यांच्या नोंदणीविषयी आलेल्या पत्रांतले प्रश्न इथे घेतले आहेत. एकसारखे प्रश्न एकत्र केले आहेत.

मी बावीस वर्षांचा आहे. नाव नोंदवायचं ठरवलं, तर घरात सगळे म्हणतात की पाठीच्या मणक्यात मोठी सुई घालून मगज काढतात, आणि माणूस जन्माचा अधू होतो. यात तथ्य आहे का?

नाही. मणक्याला कुणी हात लावत नाही. पाठीच्या कण्यातलं पाणी तपासण्याची एक वेगळी चाचणी असते, तिची आणि याची गल्लत होते. नोंदणीच्या वेळी तर सुईचा प्रश्नच सहसा येत नाही. गालाच्या आतून कापसाची काडी फिरवतात, इतकंच. क्वचित थोडं रक्त घेतात.

प्रत्यक्ष दान पुढे कधी करावं लागलंच, तर त्याचे दोन मार्ग आहेत. बहुतेक वेळा मूळपेशी, म्हणजे मज्जेतल्या रक्त तयार करणाऱ्या पेशी, रक्तातूनच घेतात, प्लेटलेट देताना वापरतात तशा यंत्रावर. दुसरा मार्ग हाडातून मज्जा काढण्याचा. त्यासाठी पूर्ण भूल देऊन पालथं झोपवतात आणि कमरेच्या मागच्या बाजूला, पट्टा बांधतो त्याच्या जरा खाली, दोन्हीकडे जे रुंद हाड हाताला लागतं त्यातून सुईने मज्जा ओढतात. कातडीला भोकं थोडीच पडतात, पण आत हाडात सुईची जागा पुन्हा पुन्हा बदलतात. एका जागी जास्त ओढलं की मज्जेऐवजी नुसतं रक्तच येऊ लागतं, म्हणून दर वेळी थोडे मिलिलिटर घेऊन पुढे सरकायचं. एकूण एक ते दीड लिटरपर्यंत मज्जामिश्रित रक्त निघतं. दात्याच्या वजनाच्या दर किलोमागे 20 मिलिलिटर ही वरची मर्यादा पाळतात. तासा-दोन तासांचं काम असतं. कंबर काही दिवस, कधी दोन-तीन आठवडे ठणकते. जिना चढताना आणि वाकताना जास्त जाणवतं. रक्त गेल्यामुळे थकवा येतो, म्हणून लोहाच्या गोळ्या देतात. काढलेली मज्जा चार ते सहा आठवड्यांत भरून येते.

घरी आलेल्या किटमधून नमुना पाठवला. 'नमुना अपुरा' म्हणून परत मागवला आहे. काय चुकलं असेल?

बहुधा काडी नुसती ओली झाली. प्रयोगशाळेला थुंकी नको असते, गालाच्या आतल्या अस्तराच्या पेशी हव्या असतात. त्या घासल्याशिवाय सुटत नाहीत.

नमुन्याआधी अर्धा ते एक तास काही खाऊ-पिऊ नका, धूम्रपान नको. साध्या पाण्याने चूळ भरा. काडी गालाला आतून इतकी दाबा की बाहेरून गाल किंचित फुगलेला दिसावा, आणि ती गोल फिरवत वर-खाली घासा. किटवर लिहिला असेल तेवढा वेळ पूर्ण द्या. साधारण अर्धा ते एक मिनिट असतो, आणि तो वाटतो त्यापेक्षा बराच लांब असतो. प्रत्येक काडी गालाच्या वेगळ्या भागावर चालवा. कापसाच्या टोकाला बोट लावू नका. मग उघड्या हवेत काही मिनिटं सुकवून दिलेल्या पाकिटातच ठेवा. ओली काडी प्लॅस्टिकच्या पिशवीत कोंबली की तिच्यावर बुरशी आणि जंतू वाढतात आणि डीएनएचे तुकडे पडतात.

याहून वाईट चूक बारकोडची. नवरा-बायको किंवा खोलीतले दोन मित्र एकाच टेबलावर बसून नमुने देतात आणि चिकटपट्ट्यांची अदलाबदल होते. अपुरा नमुना लगेच कळतो, ही चूक मात्र कळत नाही. वर्षांनी एखाद्या रुग्णाशी तुमचं जुळतं म्हणून रक्त मागवतात आणि तेव्हा उमगतं की हा माणूस तो नव्हेच. तोवर त्या रुग्णाचे आठवडे गेलेले असतात. एकाचं सगळं संपवून पाकीट बंद करा, मगच दुसऱ्याचं उघडा.

नोंदणीला सहा वर्षं झाली. एकदाही बोलावणं आलं नाही. माझी माहिती हरवली तर नसेल?

बोलावणं न येणं हेच नेहमीचं आहे. नोंदवलेल्यांतले बरेच जण कधीच दान करत नाहीत.

जुळणी पाहतात ती एचएलए नावाच्या खुणांची. या खुणा पेशींवर असतात, आणि आपलं कोण, परकं कोण हे शरीर त्यांवरून ओळखतं. त्यांची जनुकं सहाव्या गुणसूत्रावर एकमेकांलगत आहेत, म्हणून सहसा गठ्ठ्यानेच वारसात येतात: अर्धा गठ्ठा आईकडून, अर्धा वडिलांकडून. त्यामुळे सख्खं भावंड पूर्ण जुळण्याची शक्यता चारात एक. भावंड जुळलं नाही तर परक्यांत शोधावं लागतं, आणि प्रत्येक जनुकाचे इतके प्रकार आहेत की तुमच्यासारखाच संच असलेला रुग्ण कदाचित जन्मलाही नसेल. साधारणपणे ए, बी, सी, डीआरबी1 आणि डीक्यूबी1 या पाच जनुकांच्या दोन-दोन प्रती पडताळतात. दहापैकी दहा जुळल्या तर उत्तम. जगभरच्या नोंदींत 4 कोटींहून जास्त दाते आहेत, तरी पुष्कळांना जुळणारा मिळत नाही. या खुणांचे संच वंशानुसार बदलतात, म्हणून ज्या समाजातले दाते कमी त्यातल्या रुग्णांची अडचण सर्वांत मोठी.

सहा वर्षांत पत्ता, फोन, ईमेल बदललं असेल तर मात्र आजच कळवा. जुळलेला दाता सापडतो आणि फोन लागत नाही, हे फार वेळा घडतं. रुग्णाच्या घरासाठी यापेक्षा क्रूर काही नसेल.

माझ्या मुलाला फोन आला आहे, कुणाशी तरी जुळलं म्हणून. पाच दिवस इंजेक्शनं घ्यायची म्हणतात. त्याने नंतर कॅन्सर होतो असं ऐकलं. आता नाही म्हणता येईल का? एक आई

तुमची भीती समजते. आधी औषधाविषयी. ते जी-सीएसएफ, शरीरात आपोआप तयार होणाऱ्या पदार्थासारखंच, फक्त मात्रा मोठी. दर किलो वजनाला रोज सुमारे 10 मायक्रोग्रॅम, म्हणजे 60 किलोच्या माणसाला 600, कातडीखाली टोचतात. त्याने मज्जेतल्या मूळपेशी रक्तात उतरतात आणि पाचव्या दिवशी यंत्रावर वेगळ्या काढता येतात. एका हातातून रक्त यंत्रात, दुसऱ्या हातातून परत. चार-पाच तास जातात. पेशी कमी पडल्या तर दुसऱ्या दिवशी पुन्हा.

त्रास होतो, तो लपवण्यात अर्थ नाही. कंबर, मांड्या, छातीचं हाड दुखतं, डोकं जड होतं, फ्लू आल्यासारखं वाटतं. पॅरासिटामॉल चालतं, ॲस्पिरिन मनाने घेऊ नये, रक्तस्राव वाढतो. इंजेक्शनं थांबली की काही दिवसांत हे ओसरतं. यंत्रावर असताना ओठ-बोटांना मुंग्या येतात. रक्त गोठू नये म्हणून घातलेलं सायट्रेट कॅल्शियम बांधून ठेवतं, त्याचा हा परिणाम. मुंग्या आल्याबरोबर नर्सला सांगायचं. वेग कमी करून कॅल्शियम दिलं की थांबतात. हाताच्या शिरा बारीक असतील तर मानेतली किंवा जांघेतली मोठी शीर वापरावी लागू शकते. हे आधीच विचारून ठेवा.

अतिशय दुर्मीळ पण गंभीर धोका प्लीहेचा, म्हणजे पोटात डावीकडे वर असलेल्या अवयवाचा, आहे. या दिवसांत ती थोडी सुजते, म्हणून धक्काबुक्कीचे खेळ आणि जड वजन उचलणं काही काळ बंद. पोटाच्या डाव्या वरच्या भागात किंवा डाव्या खांद्याच्या टोकाशी अचानक जोराची कळ आली तर थेट रुग्णालय गाठायचं.

कॅन्सरचं म्हणाल, तर दात्यांवर वर्षानुवर्षं नजर ठेवलेली आहे आणि इतर लोकांपेक्षा त्यांच्यात प्रमाण वाढलेलं आढळलेलं नाही.

आता नाही म्हणण्याविषयी. कोणत्याही क्षणी नाही म्हणण्याचा त्याला हक्क आहे. जबरदस्ती कुणी करू शकत नाही. पण वेळ फार महत्त्वाची. प्रत्यारोपणाच्या साधारण आठवडाभर आधी रुग्णाला केमोथेरपीचे, कधी किरणोत्साराचे असे डोस सुरू करतात की त्याची स्वतःची मज्जा नष्ट होते. त्यानंतर दाता मागे फिरला तर तो रुग्ण बहुधा वाचत नाही. म्हणून तपासणीच्या वेळी डॉक्टरांना त्याच्यासोबत भेटा, सगळं विचारा आणि निर्णय तेव्हाच पक्का करा. निर्णय मुलाचा असला, तरी घरच्यांच्या आग्रहाने ऐन वेळी माघार घेणारे दाते असतात. म्हणून घरातलं बोलणं नोंदणीच्या दिवशीच व्हायला हवं.

रक्तगट वेगळा असेल तर चालतं का?

चालतं. एचएलए जुळणं मोठं. प्रत्यारोपण यशस्वी झालं की रुग्णाचा रक्तगट हळूहळू दात्याचाच होतो.

थायरॉईडची गोळी चालू आहे, हातावर टॅटू आहे, मणक्याची चकती सरकली होती. नोंदवू का?

थायरॉईड गोळीने आटोक्यात असेल तर सहसा अडचण नसते. टॅटूमुळे नोंदणी अडत नाही. अगदी ताजा असेल तर दानाच्या वेळी विचारतील. पाठीचं मात्र स्पष्ट सांगा, कारण भूल आणि कमरेचं हाड दोन्हींचा प्रश्न येतो. एचआयव्ही, जुनाट हिपॅटायटिस बी किंवा सी, बहुतेक कॅन्सर, हृदयाचा गंभीर आजार, संधिवाताभ किंवा ल्युपससारखे सर्वांगाला बाधणारे स्वप्रतिकारक (प्रतिकारशक्ती स्वतःच्याच शरीरावर उलटते असे) आजार असतील तर सहसा घेत नाहीत. यातले काही नियम रुग्णाच्या रक्षणासाठी आहेत, काही तुमच्या. 'नाकारतील' म्हणून फॉर्मवर काही दडवलं, तर ते शेवटच्या तपासणीत निघतं, आणि फटका रुग्णाला बसतो.

ओळखीच्या मुलासाठी शिबिर आहे. त्याच्याशी जुळलं नाही तर नाव काढून टाकता येईल?

येतं, पण मग नोंदवूच नका. त्या मुलाशी तुमचं जुळण्याची शक्यता अगदी थोडी, आणि नोंद कुणाही अनोळखी रुग्णासाठी असते. फक्त एका चेहऱ्याकडे पाहून दिलेला होकार दुसऱ्यासाठी फोन आल्यावर टिकत नाही.

दोन नोंदणी संस्थांत नाव दिलं तर शक्यता दुप्पट होईल ना?

होत नाही. बहुतेक नोंदी एकाच जागतिक शोधयादीत दिसतात. तुम्ही दोनदा दिसलात तर रुग्णालयाला दोन दाते असल्याचा भास होतो, आणि पडताळणीत पैसा-वेळ वाया जातो. देश बदललात तर जुन्या संस्थेला कळवून मगच नवीकडे जा.

वय सत्तेचाळीस, दोन मुलं. मला घेतील का?

वयाची अट संस्थेगणिक वेगळी. काहींची दारं तिशीतच बंद होतात. यात अनादर नाही. तरुण दात्याच्या पेशींनी रुग्ण जास्त जगतात, हे वारंवार दिसलं आहे. गरोदरपणात स्त्रीच्या शरीरात बाळाच्या खुणांविरुद्ध प्रतिपिंडं (अँटीबॉडी) तयार होऊ शकतात, म्हणून सारखेच जुळणारे दोघे असले तर डॉक्टर बहुधा तरुण पुरुष निवडतात. वयाने अडलं तर घरातल्या विशी-तिशीतल्यांना फॉर्म भरताना बसून समजावून सांगा. त्याची किंमत तुमच्या स्वतःच्या नोंदीपेक्षा जास्त ठरू शकते.

ज्याला दिलं त्याला भेटता येतं का? पुन्हा मागतात का?

सुरुवातीला दोघांची नावं एकमेकांपासून गुप्त राहतात. काही देशांत वर्ष-दोन वर्षांनी, दोघांची संमती असेल तर ओळख करून देतात. काही देशांत कधीच नाही. पुन्हा मागतात, हो. आजार उलटला किंवा पेशी नीट रुजल्या नाहीत, तर त्याच दात्याकडून लिम्फोसाइट नावाच्या पांढऱ्या पेशी, क्वचित पुन्हा मूळपेशी मागवतात. लिम्फोसाइट देण्यासाठी जी-सीएसएफची इंजेक्शनं सहसा लागत नाहीत, यंत्रावरचे काही तास पुरतात. म्हणून दानानंतर काही काळ तुमचं नाव त्याच रुग्णासाठी राखून ठेवतात.