नाशिकच्या द्राक्षबागा, लेणी आणि सायकल: वाचकांचे प्रश्न

थंडी पडू लागली की नाशिककडे सायकल घेऊन निघणाऱ्यांचे प्रश्न येऊ लागतात. त्यातले पाच या अंकात घेतले आहेत.

प्रश्न: आम्ही चौघे ठाण्याहून डिसेंबरात दोन दिवसांसाठी येतोय. सगळ्यांच्या रोड बाइक आहेत. पांडवलेणी, त्र्यंबकेश्वर आणि एखादी वायनरी एकाच दिवसात उरकता येईल का?
*– एक वाचक, ठाणे*

किलोमीटर मोजले तर उरकता येईल, पण तसं करू नका. लेण्यांना घाईत भेट देण्यात काही अर्थ नाही, आणि वायनरी दिवसाच्या मध्ये आली तर उरलेली सायकल नीट चालवता येत नाही. दोन दिवस हाताशी आहेत, तर दोन दिशा वेगळ्या ठेवा.

पहिला दिवस त्र्यंबकचा. शहरापासून साधारण 28 किलोमीटर. नाशिक समुद्रसपाटीपासून सुमारे 600 मीटरवर आणि त्र्यंबक सुमारे 720 मीटरवर, म्हणजे निव्वळ चढ सव्वाशे मीटरच्या आसपास. मात्र तो सलग नाही. रस्ता लाटांसारखा वरखाली होतो आणि नवखा माणूस प्रत्येक लाटेवर मोठ्या गिअरमध्ये जोर लावून मांड्या संपवतो. चढ सुरू व्हायच्या आधीच गिअर हलका करा. पाय मिनिटाला 80 ते 90 फेऱ्यांवर राहू द्या. डिसेंबरात सूर्य सातच्या सुमारास उगवतो. साडेसहाला निघत असाल तर पुढे-मागे दिवे हवेतच, आणि बोटं झाकणारे हातमोजेही हवेत. गारठलेल्या बोटांनी ब्रेक उशिरा दाबला जातो.

वाटेत अंजनेरी गाव लागतं. बहुतेक सायकलस्वार किल्ल्याकडे मान वर करून पाहतात आणि पुढे जातात. गावालगत यादवकाळातल्या जैन आणि हिंदू मंदिरांचे अवशेष विखुरलेले आहेत, त्यातल्या एका मंदिरात इ.स. 1142 चा शिलालेख आहे. अर्धा तास इथे जरूर द्या; गर्दी नसते आणि सायकल नजरेसमोर ठेवता येते. किल्ला मात्र वेगळ्या दिवशी. जवळपास 1280 मीटर उंचीवर चढून-उतरून आलेले पाय परतीच्या लाटांवर गोळे आणतात.

त्र्यंबकेश्वराचं आजचं काळ्या पाषाणातलं मंदिर नानासाहेब पेशव्यांनी 1755 मध्ये बांधायला घेतलं आणि ते पूर्ण व्हायला तीन दशकं लागली. दर्शनाच्या रांगेला किती वेळ लागेल हे दिवसावर ठरतं. चौघांपैकी दोघांनी आत जावं, दोघांनी सायकलींपाशी थांबावं, मग अदलाबदल. सोमवार टाळा. श्रावणातले सोमवार तर सायकलीसाठी नाहीतच, आणि पौष वद्य एकादशीला निवृत्तिनाथांच्या यात्रेच्या दिंड्या रस्त्यावर असतात. त्या दिवसांत रस्ता वारकऱ्यांचा.

दुसऱ्या दिवशी सकाळी पांडवलेणी, म्हणजे त्रिरश्मी लेणी. मुंबई–आग्रा महामार्गाला लागूनच डोंगर आहे. उड्डाणपुलावर चढू नका, खालच्या सेवा रस्त्याने जा. वर जायला दोनेकशे पायऱ्या आहेत. तळाला क्लीट (पेडलला अडकणारा तुकडा) असलेल्या बुटांनी दगडी पायरी उतरणं धोक्याचं आहे: क्लीटचं प्लास्टिक दगडावर घसरतं आणि झिजतंही. मागच्या खिशात पातळ चपला न्या. 24 लेणी आहेत, पण वेळ 3 आणि 10 क्रमांकांना द्या. दहामध्ये शक क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याचे दानलेख आहेत. तीनमध्ये गौतमी बलश्रीचा लेख आहे. ज्याच्या घोड्यांनी तीन समुद्रांचं पाणी प्यायलं, असं आपल्या मुलाचं, सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीचं वर्णन तिने तिथे कोरून ठेवलंय. नहपानाचं घराणं ज्याने संपवलं त्याच्या आईचा लेख आणि नहपानाच्या जावयाचे लेख एकाच डोंगरात, काही पावलांच्या अंतरावर. हे पाहायला सायकल थांबवायलाच हवी.

तिथून अंबड–सातपूरच्या औद्योगिक वसाहतीतून गंगापूर रस्त्याला लागा. रविवारी इथे ट्रक कमी असतात, म्हणून लेणी रविवारी ठेवा. गोवर्धन, सावरगाव, गंगावऱ्हे हा धरणाच्या कडेचा पट्टा म्हणजे सुला, यॉर्क, सोमा या वायनरींचा परिसर. रस्ता अरुंद, चढ छोटे पण अंगावर येणारे. रविवारी दुपारनंतर पर्यटकांच्या मोटारी वाढतात, तेव्हा अकराच्या आत पोहोचा.

सिन्नरचं गोंदेश्वर मंदिर सुंदर आहे, पण पुणे महामार्गावरच्या जड वाहतुकीतून आणि मोहदरी घाटातून सायकलने जाण्याचा सल्ला आम्ही देणार नाही. ते बसने पाहा.

प्रश्न: माझ्या सायकलला 50/34 चेनरिंग आणि मागे 11-28 कॅसेट आहे. दिंडोरी–वणीमार्गे सप्तशृंगीचा घाट चढायचाय. कॅसेट बदलावी का? डिरेल्युअर शिमानो 105, आर7000 आहे.
*– एक वाचक, पुणे*

बदलावी. (नवख्यांसाठी: चेनरिंग म्हणजे पेडलजवळच्या दातेरी चकत्या, कॅसेट म्हणजे मागच्या चाकावरचा चकत्यांचा संच, डिरेल्युअर म्हणजे चेन एका चकतीवरून दुसरीवर नेणारा भाग. आकडे दातांचे.) हिशेब असा. 28 मि.मी. टायर असलेलं चाक एका फेरीत सुमारे 2.13 मीटर जातं. पुढे 34 आणि मागे 28 दात असतील तर पेडलच्या एका फेरीत सायकल 2.59 मीटर पुढे सरकते. मिनिटाला 60 फेऱ्या, म्हणजे तशी मंद लय धरली तरी वेग ताशी 9.3 किलोमीटर. सायकलसकट 85 किलो वजन आणि 8 टक्के चढ धरला तर या वेगाला सुमारे 185 वॉट ताकद सतत लागते. मागे 34 दात असतील तर त्याच लयीत वेग ताशी 7.7 आणि ताकद सुमारे 150 वॉट. पायथ्याच्या नांदुरी गावापासून गडापर्यंत साधारण 10 किलोमीटर घाट आहे, म्हणजे तासाभराचं काम. दहा मिनिटांत 35 वॉट जाणवत नाहीत. तासभर तेच गुडघ्यावर येतात. 28 वर राहिलात तर ताकद कमी पडताच लय 45–50 पर्यंत घसरते, माणूस उभा राहून वजन टाकू लागतो, आणि दुसऱ्या दिवशी गुडघ्याच्या वाटीमागे दुखतं.

आता बदल करताना चुका कुठे होतात ते पाहा.

आधी डिरेल्युअरची लांबी तपासा. आर7000 दोन प्रकारांत येतो. आखूड पिंजऱ्याचा (दोन छोटी चाकं धरणाऱ्या भागाचा) एसएस 30 दातांपर्यंतच चालतो. लांब पिंजऱ्याचा जीएस 34 पर्यंत. अक्षरं पिंजऱ्याच्या आतल्या बाजूला कोरलेली असतात. एसएस असेल तर 11-30 वर थांबा किंवा डिरेल्युअरही बदला. हँगरवर (डिरेल्युअर फ्रेमला जोडणाऱ्या भागावर) लांबी वाढवणारा तुकडा लावून भागवलेलं दिसतं, पण घाटात जोर असताना गिअर अडखळतो, म्हणून आम्हाला तो उपाय पटत नाही.

दुसरं, शिमानोच्या 11-34 कॅसेटची (एचजी700, एचजी800) बैठक जुन्या 10-स्पीड (मागे 10 चकत्यांच्या) हबच्या, म्हणजे चाकाच्या मधल्या भागाच्या, मापाची आहे. आपल्या 11-स्पीड रोड हबवर ती बसवताना मागे 1.85 मि.मी.चा स्पेसर (पातळ कडं) घालावाच लागतो. तो विसरला तर लॉकरिंग (कॅसेट आवळणारं कडं) घट्ट वाटतं, पण चकत्या हबवर डुलतात आणि गिअर आपोआप उड्या मारतो. मग दुकानदार तासभर केबल पिळत बसतो, दोष मात्र स्पेसरचा असतो.

तिसरं, चेन. जुनी चेन 28 साठी कापलेली असणार. नवीन कॅसेटबरोबर नवीन चेनच घ्या. मोठ्या चेनरिंगवरून आणि सगळ्यात मोठ्या चकतीवरून, डिरेल्युअरमधून न ओवता, ती फिरवा. जिथे टोकं मिळतात त्यापुढे आणखी दोन कड्या धरून कापा. आखूड राहिली आणि चढावर चुकून मोठी-मोठी जोडी पडली, तर डिरेल्युअर पुढे ताणला जाऊन हँगर मोडतो. त्यासाठी आपल्या फ्रेमचा एक जादा हँगर पिशवीत असू द्या. प्रत्येक कंपनीचा वेगळा असतो, वाटेत मिळत नाही.

शेवटी बी-स्क्रू, म्हणजे डिरेल्युअरचं चकतीपासूनचं अंतर ठरवणारा स्क्रू. 34 वर गिअर टाकून उलटं पेडल मारा. डिरेल्युअरचं वरचं छोटं चाक चकतीला घासल्याचा कुरकुर आवाज आला, तर तो स्क्रू अर्धा-अर्धा फेरा आवळत जा, आवाज थांबेपर्यंत.

उतारावर ब्रेक सतत धरून ठेवू नका. रिम ब्रेक असतील तर रिम तापून ट्यूब फुटू शकते. पातळ टीपीयू (प्लास्टिकसारख्या पदार्थाची) ट्यूब तर रिम ब्रेकच्या घाटासाठी वापरूच नका. वळणाच्या आधी सरळ रस्त्यावर दोन्ही ब्रेक जोरात, मग सोडून वळायचं. डिस्कचे पॅड नवीन टाकले असतील तर सपाटीवर ताशी 25 वरून जवळजवळ थांबेपर्यंत वीसेक वेळा ब्रेक लावून आधी बसवून घ्या.

गडावरच्या गावातून देवीपर्यंत पुन्हा सुमारे पाचशे पायऱ्या आहेत. घाट चढून आलेल्याने 2018 पासून सुरू असलेली फ्युनिक्युलर ट्रॉली वापरावी. नवरात्रात आणि चैत्रोत्सवात खासगी वाहनं नांदुरीलाच थांबवतात आणि रस्ता पायी भाविकांनी भरलेला असतो. ते दिवस सोडा.

प्रश्न: गिरणारे–वाघेरा घाट रस्त्यावर एका सकाळी तीनदा पंक्चर, तिन्ही मागच्या चाकात. टायर नवा आहे. काय चुकतंय?
*– एक वाचक, छत्रपती संभाजीनगर*

बहुतेक पहिला काटा टायरमध्येच राहिला. या भागात बांधांवर बाभळी आहेत आणि ट्रॅक्टरच्या चाकांबरोबर काटे डांबरावर येतात. बाभळीचा काटा टायरच्या पृष्ठभागाशी तुटतो, टोक रबरात राहतं. बाहेरून दिसत नाही, बोटालाही लागत नाही. ट्यूब काढताना व्हॉल्व्हची जागा टायरवर खडूने खूण करा. ट्यूबवरचं छिद्र व्हॉल्व्हपासून किती वितीवर आहे ते मोजलं की टायरमधली जागा दोन्ही बाजूंना तेवढ्याच अंतरावर शोधता येते. टायर आतून थोडा उलटवून कापसाचा बोळा फिरवा. टोक कापूस ओढतं. छोट्या चिमट्याने ते काढा.

छिद्रं शेजारी-शेजारी दोन असतील तर काटा नव्हे, हवा कमी होती. खड्ड्याच्या कडेवर ट्यूब रिमशी चेपली गेली. 70 किलोच्या माणसाने 28 मि.मी. टायरमध्ये मागे 75 ते 80 आणि पुढे 70 पीएसआयच्या आसपास ठेवावं. 25 मि.मी. टायर लावून या गावरस्त्यांवर येऊच नका.

टोमॅटोच्या हंगामात गिरणारे बाजाराकडे जाणारी वाहनं सकाळपासून सुरू असतात आणि सांडलेल्या मालावर वळणात चाक घसरतं. पावसाळ्यात शेतातून निघालेल्या ट्रॅक्टरची काळी माती रस्त्यावर पसरते. ओली असताना ती ग्रीससारखी असते. त्यावर ब्रेक नको, वळणही नको. सरळ पार व्हा.

प्रश्न: वायनरीत चव घेऊन पुढे सायकल चालवली तर चालेल का? बाटली कशी न्यावी?
*– एक वाचक, कोल्हापूर*

चव घ्यायची तर दिवसाची सायकल तिथेच संपवा आणि मुक्काम किंवा गाडी ठरवून ठेवा. दोन तास घाम गाळलेल्या, रिकाम्या पोटाच्या शरीरावर थोडी वाइनही लवकर चढते, आणि गंगापूर रस्त्यावर बाजूने मोटारी जात असतात. कायद्याने वाइनसाठी वय 21 पूर्ण हवं.

भरलेली 750 मि.ली.ची बाटली साधारण सव्वा किलोची. पाठीवरच्या पिशवीत नको: पडल्यास काच मणक्यावर येते. बाटली टॉवेलमध्ये गुंडाळून मागच्या कॅरिअरवर आडवी बांधा. एप्रिल-मेच्या उन्हात नेऊच नका. तापली की बूच वर सरकतं आणि चव बिघडते.

प्रश्न: द्राक्षं लगडलेली पाहायची तर कधी यावं? फवारणीचा त्रास होतो का? आणि वाटेत काय खावं?
*– एक वाचक, नागपूर*

जानेवारी अखेर ते मार्च. वाइनच्या द्राक्षांची तोडणी तेव्हाच चालते. इथे वेलीची वर्षातून दोनदा छाटणी होते: एप्रिलच्या सुमारास खरड छाटणी (नव्या काड्यांसाठी), सप्टेंबर-ऑक्टोबरात गोडी छाटणी (घडांसाठी). म्हणून मे महिन्यात आलात तर घड नाहीत आणि ऊनही सोसत नाही.

फवारणीचा त्रास होतो. गोडी छाटणीनंतर महिना-दोन महिने ट्रॅक्टरवरचे ब्लोअर सकाळ-संध्याकाळ चालतात. समोर धुकं दिसलं तर वारा कुठून येतोय ते बघा आणि ट्रॅक्टर रांगेच्या दुसऱ्या टोकाला जाईपर्यंत थांबा. पाण्याची बाटली तोंडावर झाकण असलेली घ्या. ऑक्टोबरात छाटलेल्या काड्यांवर डोळे (कोंब) फुटण्यासाठी हायड्रोजन सायनामाइड लावतात, त्यांना हात लावू नका. त्या द्रव्याशी संपर्कानंतर दारू घेतली तर अंग लाल होऊन धडधड वाढते. बांधावरचा घड तोडून खाणं हे शेतकऱ्याचं नुकसान तर आहेच, शिवाय तो न धुतलेला असतो.

खाण्यासाठी बेदाणे. 40 ग्रॅम, म्हणजे एक मूठ, यांत सुमारे 30 ग्रॅम कर्बोदकं मिळतात. दीड तासापेक्षा लांब फेरी असेल तर तासाला एक मूठ आणि एक केळं पुरतं. पाणी तासाला 500 ते 750 मि.ली.; फेब्रुवारीनंतर त्यातल्या एका बाटलीत ओआरएस. एक लिटरची पुडी पूर्ण एक लिटरमध्येच विरघळवा, 750 च्या बाटलीत सगळी टाकली तर पोट ढवळतं. नाशिकची मिसळ खायचीच, पण सायकल ठेवल्यावर.